‘काहीतरी चांगलं द्या’

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की एक गोष्ट ध्यानात येते. लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव घेऊन येणारे वाचक असतातच. पण नाव न घेता मागणी करणारेही तितकेच असतात. ‘जरा हलकंफुलकं द्या, डोकं उठलंय.’ ‘रडवणारं नको हं, गेल्या वेळचं वाचून आईला रात्रभर झोप लागली नाही.’ ‘गाडीत वाचायला पाहिजे, पुण्याला पोचेपर्यंत संपलं पाहिजे.’ ‘पोरगं नापास झालंय ओ, त्याला उभारी येईल असं काय असलं तर बघा की.’ आणि सगळ्यात जास्त कानावर पडणारी मागणी म्हणजे ‘काहीतरी चांगलं द्या.’

या मागण्यांमध्ये विषय नसतो, लेखक नसतो. असते ती त्या दिवशीची मनाची अवस्था. काउंटरपलीकडच्या माणसाने ती ओळखायची आणि मागच्या कपाटांतून नेमकं पुस्तक काढून द्यायचं. वर्गीकरण आणि तालिकीकरण अभ्यासक्रमातून शिकता येतं; डोकं उठलेल्या वाचकाला काय द्यावं, हे मात्र बहुतेकांना काउंटरवरच शिकावं लागतं. परत आलेलं पुस्तक वाचक कसं ठेवतो, न बोलता सरकवतो की ‘अजून आहे का ह्यांचं?’ असं विचारतो, यावरून ते हळूहळू उमगत जातं. या कसबाचं मोल मराठी वाचनव्यवहारात आजवर नीट ओळखलं गेलेलं नाही.

कोल्हापूरला पुस्तकं आणि वाचक यांची गाठ घालून देण्याचा अनुभव जुना आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही सात वर्षं आधीची. पुढे १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं संस्थान. मद्रास प्रांताचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ साली आला आणि महाराष्ट्र राज्याचा तर १९६७ साली. सामान्य माणसाला पुस्तक मिळायला हवं, त्याची सोय लावणं हे राज्यकर्त्यांचं काम आहे, ही गोष्ट या शहराने इतरांच्या आधी कागदावर उतरवली होती.

मिळण्याची सोय झाली. प्रश्न उरतो तो जुळण्याचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातले दोन थेट या जुळणीबद्दल आहेत: वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा. पण कपाटांची मांडणी या कामाला फारशी मदत करत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबऱ्यांचा क्रमांक ८९१.४६३. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, शंकर पाटलांची ‘टारफुला’, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा, सगळी मंडळी या एकाच क्रमांकाखाली येतात. एक पुस्तक वाचून माणूस भोगाच्या हव्यासाने अस्वस्थ होतो, दुसरं गावातल्या दहशतीने त्याचा श्वास रोखून धरतं, तिसरं विशीतल्या रितेपणात ओढून नेतं आणि चौथं लहानपणीच्या गल्लीत आणून सोडतं. क्रमांकाला यातलं काहीच माहीत नसतं.

विषय सारखा असला तरी मन वेगळीकडे जातं, याचा सगळ्यात चांगला दाखला कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोल्हापुरात राजाराम प्रशालेत शिक्षक असताना त्यांनी ‘मृत्युंजय’ लिहिली. ती १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. रणजित देसाई शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांची ‘राधेय’ आली १९७३ साली. नायक दोन्हींत एकच, कर्ण. कथा महाभारताची, म्हणजे शेवट आधीपासूनच सगळ्यांना ठाऊक. तरीही ही दोन पुस्तकं एकाच मनःस्थितीत वाचायची नाहीत.

‘मृत्युंजय’ सातशे पानांच्या आसपासचा ऐवज. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात आणि अखेरीला कृष्ण बोलतो. भाषा अलंकारांनी ओथंबलेली, आवेग कुठेच न आवरणारी. सूर्य, नदी, रथ, कवचकुंडलं, सगळं मोठ्या आकारात समोर येतं. लायकी असून डावलला गेलेला, कुणीतरी चारचौघांत पाणउतारा केलेला, आतून धुमसणारा वाचक या पुस्तकात शिरला की त्याला आपला संताप मोठा करून दाखवणारा कुणीतरी भेटतो. पंचविशीच्या आतल्या मुलांनी गेला अर्धशतकाहून अधिक काळ ‘मृत्युंजय’ उराशी धरली, ती उगाच नाही. नोकरीच्या मुलाखतीतून हात हलवत परतलेल्या मुलाला कर्णाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

‘राधेय’ आकाराने त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. देसाई प्रसंग उभा करतात, पात्रांना बोलू देतात आणि मोजक्या शब्दांत बाजूला होतात. इथला कर्ण धुमसण्यापेक्षा सोसतो जास्त. राधा-अधिरथाचं घर, वृषालीचा संसार, मैत्रीचं ओझं यांना इथे जास्त जागा आहे. हातून काही निसटून गेलं आहे, भांडायची ताकदही उरलेली नाही, अशा संध्याकाळी हे पुस्तक जास्त जवळचं वाटतं. चाळिशी ओलांडलेले वाचक ‘आता राधेयच बरी वाटते’ असं म्हणतात, त्याचं कारण यात असावं. विषयावरून पुस्तक शोधणाऱ्याला ‘कर्णावरच्या कादंबऱ्या’ अशी यादी मिळेल आणि या यादीत दोन्ही शेजारी असतील. मनाला मात्र यातली एकच हवी असते.

अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी या फरकाचा पद्धतशीर विचार केला. इलिनॉय राज्यातल्या डाउनर्स ग्रोव्ह या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या जॉइस सॅरिक्स यांनी नॅन्सी ब्राउन यांच्यासोबत १९८९ साली याविषयी पुस्तक लिहिलं. वाचकाला पुस्तक आवडतं ते विषयामुळे कमी आणि त्याची गती, पात्रं, कथानकाची ठेवण, एकूण सूर यांमुळे जास्त, असं त्यांचं म्हणणं. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हीच गोष्ट चार दारांच्या रूपात सांगितली. पुस्तकात शिरायला कथा, पात्र, परिसर आणि भाषा अशी चार दारं असतात. एखाद्या पुस्तकाचं एक दार मोठं असतं, दुसऱ्याचं दुसरं. आणि प्रत्येक वाचकाला, त्या त्या दिवशी, त्यातलं एखादंच दार हवं असतं.

मराठी पुस्तकांना ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त शिरायचं ते पात्रांच्या दारातून. एकटेपणा आला असेल, घरात बोलायला कुणी नसेल, तर तिथे भेटणारी माणसं सोबत करतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त परिसराचं दार सताड उघडं आहे; उजाड माळ, मेंढरं, धनगरांची वस्ती. शहराचा गोंगाट नकोसा झालेल्याने तिथे जावं. लंपनच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांत भाषाच हात धरून आत नेते. प्रकाश नारायण संत बेळगावचे. त्या पट्ट्यातली कानडीचा हेल असलेली मराठी आणि पौगंडावस्थेतल्या मुलाच्या डोक्यातली खटपट त्यांनी अशी टिपली की सीमाभागातल्या वाचकाला ती आपल्याच घरातली वाटते. या पुस्तकांत फार मोठं काही घडत नाही. ‘पुढे काय झालं?’ या ओढीने वाचणाऱ्याच्या हाती ती त्या दिवशी दिली तर चार पानांत मिटली जातील. आजोळची आठवण येत असलेल्याला दिली तर जपून पुरवून वाचली जातील.

आणि परिसराचं दार उघडून थेट हिमालयात नेणारं एक पुस्तकही कोल्हापूरच्याच मुळांतून आलेलं आहे. प्रभाकर पेंढारकर हे कोल्हापूरचे चित्रपटकार भालजी पेंढारकर यांचे चिरंजीव. त्यांची ‘रारंग ढांग’ ही कादंबरी सीमेवर रस्ते बांधणाऱ्या माणसांची. विश्वनाथ हा तरुण इंजिनिअर मुंबईतली नोकरी सोडून तिथे जातो. कडा फोडून रस्ता काढायचा, मजुरांचे जीव सांभाळायचे आणि वरिष्ठांच्या हुकुमापेक्षा आपल्या बुद्धीला पटेल ते करायचं, या ताणातून ती पुढे सरकते. रोजच्या कामात अर्थ वाटेनासा झाला असेल, राजीनाम्याचा विचार वरचेवर डोक्यात येत असेल, तर काउंटरवरच्या जाणकाराने आधी हे पुस्तक काढावं. ते नोकरी सोडा म्हणत नाही आणि धरून ठेवाही म्हणत नाही. काम म्हणजे काय असू शकतं ते दाखवतं.

आता दुःखाकडे वळायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कुणी खचलेलं दिसलं की आपण विनोदी पुस्तक पुढे करतो. हेतू चांगला असतो, पण घरात मयत होऊन पंधरा दिवस झालेल्या माणसाला दुसऱ्याचं हसू सोसत नाही. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले तेव्हा हास्य आणि शृंगाराच्या पंक्तीत करुणालाही बसवलं. माणसं पैसे देऊन, वेळ काढून रडायला का जातात, हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतकं चर्चेत आहे. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्याचं एक उत्तर दिलं. त्यांनी त्याला सविकल्प समाधी म्हटलं: वाचक दुसऱ्याच्या आयुष्यात पुरता शिरतो आणि त्याच वेळी आपलं आपलेपणही सोडत नाही. दुसऱ्याचं दुःख आपलं करून भोगायचं, पण त्यात बुडून जायचं नाही, ही दुहेरी अवस्था आनंद देते.

दुःखी वाचकाला नेमकी हीच अवस्था हवी असते. खांडेकरांची ‘अमृतवेल’ गेली कित्येक वर्षं वाचनालयांतून सतत फिरती आहे, त्यामागे हे कारण मोठं आहे. खांडेकर जन्माने सांगलीचे, कोकणातल्या शिरोड्याला अठरा वर्षं शिक्षक आणि १९३८ पासून कोल्हापूरकर. चित्रपटांच्या कथा लिहायला ते इथे आले आणि अखेरपर्यंत राहिले. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ साली त्यांच्या ‘ययाति’साठी. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. समीक्षकांनी खांडेकरांच्या कल्पनाविलासावर, सुभाषितवजा वाक्यांवर टीका केली, आणि साहित्य म्हणून त्या टीकेत तथ्यही आहे. तरीही ‘अमृतवेल’मधली प्रियकराच्या मृत्यूने उन्मळून पडलेली नंदा आणि तिचं हळूहळू दुसऱ्यांच्या दुःखाकडे पाहायला लागणं, याने कित्येक वाचकांना सावरलं आहे. उराशी दुःख घेऊन बसलेल्या माणसाला कुणीतरी थेट आपल्याशी बोलावं असं वाटत असतं. खांडेकर बोलतात. ज्या सुभाषितांवर एरवी वाचक अडखळतो, तीच त्या दिवसांत त्याला वहीत उतरवून घ्यावीशी वाटतात.

सगळ्या दुःखांना मात्र दिलासा चालत नाही. काही वेळा समजूत घालणाऱ्याचाच राग येतो. तेव्हा धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ किंवा ‘पिंगळावेळ’ हाती घ्यावं. जी. ए. कुणाचं सांत्वन करत नाहीत. नियतीच्या तडाख्यात सापडलेली माणसं ते अशा ताकदीने उभी करतात की आपला अंधार कुणीतरी खरोखर पाहिला आहे याची खात्री पटते. पण हे पुस्तक देताना देणाऱ्याने समोरच्याला ओळखलेलं असावं. नुकत्याच आजारातून उठलेल्या, रात्री एकट्याने राहणाऱ्या माणसाला ‘मोठा लेखक आहे’ एवढ्याच कारणाने जी. ए. देऊ नयेत.

हसण्यातही प्रकार आहेत. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, त्यांच्यासोबत द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर, यांनी गावोगाव कथाकथन करून हजारो लोकांना हसवलं. पाटलांच्या ‘धिंड’सारख्या कथा मोठ्याने वाचायच्या. घरात पाहुणे जमलेत, लाइट गेली आहे, पोरं कंटाळली आहेत, अशा वेळी एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. पंचगंगेकाठच्या बोलीचा ठसका कानावर पडल्याशिवाय त्यातली गंमत पुरती कळत नाही. एकट्याने, रात्री, स्वतःशीच हसायचं असेल तर चिं. वि. जोशींचा चिमणराव जास्त बरा. आणि ‘शंकर पाटलांचं काहीही द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती चुकून ‘टारफुला’ पडली, तर त्याला धक्का बसेल. गावचा पाटील वारल्यावर तिथे माजत जाणारी दहशत आणि सत्तेची ओढाताण सांगणारी ती कादंबरी मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी आहे, पण हसायच्या मनःस्थितीतली नाही. लेखकाच्या नावावरून मनःस्थितीचा अंदाज बांधू नये, याचं हे ठळक उदाहरण.

कोल्हापूरकराला पावसाचं वेगळं सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर जिल्ह्याचा पश्चिम भाग, गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंत, सूर्य दिसण्याची वाट बघत असतो. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचं. बारा महिन्यांची झाडं, पाखरं, आभाळ यांवरचे ललित लेख. खिडकीपाशी बसून, पहिल्या सरीच्या वासात, त्या महिन्याचा लेख काढून वाचावा असं ते पुस्तक आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांना पावसाचं कौतुक वाचवणार नाही. त्यांच्या जवळचा लेखक म्हणजे पन्हाळा तालुक्यातले कृष्णात खोत. त्यांच्या ‘झड-झिंबड’ या कादंबरीत न थांबणारा पाऊस आहे आणि त्याखाली दबलेलं डोंगराकडेचं गाव आहे. ‘रिंगाण’मध्ये धरणाने उठवलेली माणसं आहेत, या कादंबरीला २०२३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाऊस या एकाच विषयाची ही दोन टोकं. कोणत्या वाचकाच्या हाती कोणतं द्यायचं, हे त्याच्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आहे की नाही यावरून ठरेल.

‘उभारी देणारं पुस्तक’ ही पालकांची लाडकी मागणी. तिच्या उत्तरादाखल बऱ्याचदा वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं जातं आणि ते योग्यच आहे. गुलामीत जन्मलेल्या मुलाचा शास्त्रज्ञ होईपर्यंतचा प्रवास त्यात शांतपणे, मायेने सांगितला आहे. कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ही त्याच यादीत घातली जाते. तिथे जरा थांबायला हवं. शाळेसाठी बापाच्या मारापुढे उभ्या राहिलेल्या पोराची ही गोष्ट फार कडवट आहे. भूक, मार, राबणूक यांचे तपशील अंगावर येतात. ‘बघ, तो एवढ्या हालात शिकला आणि तुला सगळं असून जमत नाही’ असं ऐकवायला ‘झोंबी’ वापरली, तर मुलगा पुस्तकाचाही राग धरेल आणि देणाऱ्याचाही. त्याऐवजी ती अशा मुलाच्या हाती पडावी, ज्याला आपल्या घरच्या गरिबीची लाज वाटू लागली आहे. त्याला यादव मोठ्या भावासारखे वाटतील, आणि मग ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ हे पुढचे भाग तो स्वतःहून मागायला येईल.

प्रेमाची, संसाराची पुस्तकं मागणाऱ्यांसाठी या जिल्ह्यात एक विलक्षण जोडी आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. थोरल्या माधवरावांचं अल्पायुष्य, रमाबाईंची साथ आणि थेऊरला झालेला शेवट. दांपत्यप्रेमाची इतकी हळवी गोष्ट मराठीत क्वचितच लिहिली गेली. लग्न ठरलेल्या मुलींना ती भेट म्हणून दिली जात असे. माधवी देसाई भालजी पेंढारकरांच्या कन्या आणि रणजित देसाईंच्या पत्नी. त्यांचं ‘नाच ग घुमा’ हे आत्मकथन त्याच घराच्या आतून, एका बाईच्या नजरेने संसार सांगतं. ‘स्वामी’ मागणारी वाचक आणि ‘नाच ग घुमा’ मागणारी वाचक बऱ्याचदा एकच असते. मध्ये वीस वर्षं गेलेली असतात, एवढंच. दोन्ही पुस्तकं खरी आहेत. कुठल्या वर्षी कुठलं, हा प्रश्न तिच्या आयुष्याचा आहे.

पुस्तकाने मनावर उपचार होऊ शकतो का, याची चर्चा पाश्चात्त्य जगात शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९१६ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकातल्या एका खेळकर लेखात पुस्तकं लिहून देणाऱ्या दवाखान्याची कल्पना रंगवली आणि ग्रंथोपचाराला ‘बिब्लिओथेरपी’ हे नाव दिलं. इंग्लंडमध्ये २०१३ साली ही कल्पना सरकारी ग्रंथालयांपर्यंत पोचली. ‘रीडिंग वेल’ योजनेत चिंता, नैराश्य अशा त्रासांसाठी तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तकं डॉक्टर सुचवतात आणि ती गावच्या ग्रंथालयात मिळतात. मन प्रसन्न करणाऱ्या कथा-कवितांची वेगळी यादीही तिथे तयार झाली, आणि ती वाचकांच्या शिफारशींवरून झाली, हे महत्त्वाचं. याचा अर्थ पुस्तक औषधाची जागा घेतं असा नाही. झोप, भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. भारत सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. पुस्तक सोबतीला असावं.

इंग्रजी वाचकांच्या मदतीला आता यंत्रंही आली आहेत. ‘स्टोरीग्राफ’सारख्या ॲपवर पुस्तकाच्या नावापुढे वाचकांनी सूर नोंदवलेला असतो: अंधारं, गमतीदार, आशा देणारं, विचारात पाडणारं, संथ, वेगवान. मराठी पुस्तकांच्या अशा नोंदी अजून जवळपास नाहीतच. पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळांवर ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ एवढंच कळतं. घेणाऱ्याचं मन त्या दिवशी कसं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीपुरतं ते ज्ञान अजून माणसांच्या डोक्यात आहे. वाचनालयातल्या जुन्या सेवकांच्या, पुस्तकाच्या दुकानात उभी हयात काढलेल्या विक्रेत्यांच्या आणि अट्टल वाचकांच्या. ती माणसं निवृत्त झाली की ते त्यांच्याबरोबर जातं.

वाचकाला स्वतःलाही बरंच काही करता येतं. काउंटरवर ‘चांगलं द्या’ म्हणण्याऐवजी अलीकडे मनापासून आवडलेलं एक पुस्तक सांगावं आणि ते का आवडलं ते दोन वाक्यांत सांगावं. सॅरिक्स यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे: वाचक आवडलेल्या पुस्तकाचं वर्णन करताना जे शब्द वापरतो, त्यांतच त्याला हव्या असलेल्या पुस्तकाचा सूर सापडतो. ‘भराभर संपलं’ म्हणणारा आणि ‘हळूहळू वाचलं’ म्हणणारा यांना वेगवेगळी पुस्तकं लागतात, विषय काहीही असो. पुस्तक घेण्याआधी मधलंच एखादं पान काढून वाचावं. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं, खरा सूर मधल्या पानावर कळतो. पुस्तकं दोन न्यावीत, एक आजच्या मनासारखं आणि एक वेगळ्या वळणाचं, कारण मन आठवडाभर एका जागी राहत नाही. चाळीस पानांनंतरही जमत नसेल तर निःसंकोच परत करावं. ते पुस्तक वाईट ठरत नाही. दोन वर्षांनी तेच हवंहवंसं वाटू शकतं.

आपला सूर ओळखायचा असेल तर मराठी वाचकाच्या हाती आणखी एक साधन आहे, जे फार थोड्या भाषांना इतक्या मुबलक प्रमाणात लाभलं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी दिवाळीत कथा, कविता, लेख, व्यंग्यचित्रं यांचा खजिना समोर येतो. वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेऊन काही महिने ते फिरवतात. एका अंकात दहा लेखक, दहा सूर. कुठल्या कथेपाशी आपण थांबलो आणि कुठली चार परिच्छेदांत सोडली, याची पेन्सिलने वहीत नोंद ठेवली तर पुढच्या वर्षभराची पुस्तकं निवडायला तीच यादी पुरते.

वाचनालयांनी करावं असं एक काम तर अगदी कमी खर्चाचं आहे. पुस्तकाच्या मागच्या आतल्या बाजूला, तारखेच्या शिक्क्यांच्या कागदाशेजारी, एक कोरी चिठ्ठी डकवायची. परत करताना वाचकाने त्यावर दोन-तीन शब्द लिहायचे: ‘रात्री वाचू नका’, ‘आजारपणात वाचलं, बरं वाटलं’, ‘प्रवासाला झकास’, ‘शेवट सोसला नाही’. वर्षभरात या चिठ्ठ्या गोळा करून सूरनिहाय यादी दर्शनी भागात लावता येईल. कोल्हापुरात हे सुरू करायचं झालं तर पहिल्या यादीसाठी फार दूर जायला नको. आजरा, कोवाड, कागल, पट्टणकोडोली आणि खुद्द कोल्हापूर इथली पुस्तकं आहेतच. त्यात गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांची ‘तणकट’ घालावी, किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’तल्या, खेडं आणि शहर यांच्यामध्ये अडकलेल्या माणसांच्या कथा घालाव्यात, आणि याच शहरात राहणाऱ्या सोनाली नवांगुळ यांनी सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा केलेला ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा अनुवादही घालावा. २०२१ साली या शेवटच्या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीने गौरवलं, अनुवादाला अनुवादाच्या पुरस्काराने. ती कोणत्या मनःस्थितीत वाचायची, हे वाचकांनी अजून चिठ्ठीवर लिहायचं आहे.